तीन सेंटिमीटर कमी पडले म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी साडेसहा वर्षांची, उंची ११७ सेंमी. ज्या रोलर कोस्टरसाठी ती महिनाभर दिवस मोजत होती, त्याची अट १२० सेंमीची. गेटवर नकार मिळाला, ती रडली, तुमची ऑपरेटरशी बाचाबाची झाली. त्याच दिवशी दुसऱ्या एका, दिसायला अधिक उंच राइडवर मात्र ११० सेंमीच्या मुलांना मोठ्या माणसासोबत सोडत होते. तुम्ही विचारता, तीन सेंटिमीटरनं खरंच काय बिघडतं? प्रत्येक राइडचा आकडा वेगळा का? आणि पुढच्या वेळी जाड तळव्यांचे बूट घालून नेलं तर?

बुटांचं आधी सांगतो: नेऊ नका. मी सुरुवातीची सहा वर्षं राइड चालवण्यात घालवली आणि त्यानंतर आजवर राइडची तपासणी करतो, नव्या ऑपरेटरांना शिकवतो. बुटात कोंबलेले कागदी रुमाल, डोक्यावर मुद्दाम बांधलेला उंच अंबाडा, लांब पँटखाली लपवलेली चवड्यांवरची कसरत, हे सगळं पाहून झालंय. यातलं काहीच मुलं आपल्या मनानं करत नाहीत. त्यामागे आईबाबाच असतात, तेही अगदी प्रेमानं. त्यांना वाटत असतं की गेटवरच्या फलकावरची ती उंचीची रेघ म्हणजे सरकारी खिडकीवरची अट आहे, थोडं इकडेतिकडे चालतं.

त्या रेघेला खरं तर उंचीशी फारसं देणंघेणं नाही. गेटवर उभ्या असलेल्या माणसाला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच: या मुलाची मांडी किती जाड आहे, कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंत किती लांब आहे, कंबरेचं हाड मांडीवरचा बार अडवण्याइतकं रुंद झालंय का, हात दांड्यापर्यंत पोचतो का, मान डोकं सावरू शकते का. रांगेतल्या प्रत्येक मुलाची एवढी मापं घ्यायची तर दिवसाकाठी गाडी चारदा सुटेल. उंची मात्र दोन सेकंदांत मोजता येते, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत बाकीची मापं साधारण तिच्याच मागोमाग वाढतात. म्हणून उंची. ती बदली खेळाडू आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

आता मांडीवर येणारा बार घ्या, ज्याला आम्ही लॅप बार म्हणतो. गाडी टेकाडावरून झपकन खाली वळते तेव्हा गाडी खाली जाते, पण शरीर आपल्या जुन्या वाटेनं वरच जाऊ पाहतं. पोटात गोळा येतो तो हाच क्षण. त्या वेळी तुम्हाला आसनात धरून ठेवतो तो मांडीवर टेकलेला बार. पण बार कितीही खाली ओढला तरी त्याला एक शेवटचा थांबा असतो. त्याच्या खाली तो जात नाही, कारण रचनाच तशी असते. ज्याची मांडी त्या थांब्यापेक्षा बारीक, त्याच्या आणि बारच्या मध्ये फट राहते. काही बार दात्यांवर बसतात, टक-टक आवाज करत. तिथं दोन दात्यांच्या मधली मांडी असेल तर बार वरच्या दात्यावरच अडकतो आणि फट आणखी वाढते. मोठ्या माणसाच्या बाबतीत दोन बोटांची फट म्हणजे थोडं आदळणं. लहान मुलाच्या बाबतीत तेवढीच फट शरीराच्या मानानं बरीच मोठी होते.

त्याहून वाईट प्रकार पुढे सरकण्याचा. लहान मुलाची मांडी आखूड असते. पाठ आसनाला टेकवून बसवलं तर गुडघे आसनाच्या कडेपर्यंत पोचत नाहीत, पाय सरळ समोर येतात, ते अवघडतं, मग मूल आपोआप पुढे घसरतं म्हणजे गुडघे वाकवता येतील. पाठ गोल झाली, कंबर बारच्या खाली शिरली. आता ब्रेक लागला की सगळा जोर मांड्यांवर न येता पोटावर येतो, किंवा मूल बारखालून सुळकन निसटतं. मोटारीतल्या सीटबेल्टचं गणित हेच आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मूल ४ फूट ९ इंच, म्हणजे साधारण १४५ सेंमी होईपर्यंत गाडीत बूस्टर सीट वापरायला सांगतात. पट्टा ओटीपोटावर न चढता कंबरेच्या हाडावर आणि मांडीवर बसावा, एवढाच त्यामागचा हेतू. मोटारीबाबत हे पटकन पटतं, राइडजवळ आलं की का कोण जाणे विसरायला होतं.

खांद्यांवरून खाली येणाऱ्या हार्नेसमध्ये आणखी एक भानगड असते. ती गादीची चौकट मोठ्यांच्या खांद्यांवर टेकते, लहान मुलाच्या कानाशी येते. वळणावर डोकं त्या चौकटीवर आपटत राहतं. त्यात लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं. जन्मतः डोकं एकूण लांबीच्या जवळपास पाव असतं, मोठ्या माणसात ते साडेसातावा भाग उरतं. मधल्या सगळ्या वर्षांत मानेचे स्नायू या वजनाची बरोबरी करण्याच्या प्रयत्नात असतात. जोरदार वळणाच्या राइडसाठी १३० किंवा १४० ची रेघ का असते, याचं बरंचसं उत्तर मानेत आहे.

आता पुन्हा बुटांकडे. तीन सेंटिमीटरचा तळवा लावला की फलकाच्या हिशेबात ११७ चे १२० होतात. मांडी एक मिलिमीटरही जाड होत नाही. उलट तुम्ही ऑपरेटरला, ज्याच्याकडे तेवढी एकच खूण होती, ती चुकीची दिलीत. आता तो निर्धास्त होऊन बार जेमतेम तपासणार, कारण रेघ पार केलेलं मूल समोर बसलंय.

तीन सेंमीनं काय बिघडतं हा प्रश्न मात्र रास्त आहे. ११९.९ ला मूल निसटतं आणि १२०.१ ला सुरक्षित असतं असं कोणीच म्हणणार नाही. आकडा ठरवणाऱ्यानं थोडी मोकळीक राखूनच तो ठरवलेला असतो. पण ती मोकळीक आधीच वापरली जाते. मूल बसताना वळवळतं, जाड जाकीट घातलेलं असतं म्हणून बार कपड्यावर अडतो, ऑपरेटर दुपारी चारला थकलेला असतो, गेटवर मोजताना एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे होतोच. त्या सगळ्यासाठी ती जागा ठेवलेली आहे. ऑपरेटरला मी पहिल्याच दिवशी सांगतो की रेघेवर अंदाज लावायचा नाही. आज तीनची सूट दिली तर मागच्या मुलाच्या वडिलांना चारची का नाही, हे त्याला सांगता येणार नाही.

आकडे वेगवेगळे का? पहिली गोष्ट, यातले अर्धे विचित्र आकडे इंचांचे आहेत. अमेरिकी पद्धतीत ४०, ४२, ४४, ४८, ५४ इंच अशी मापं चालतात. ती सेंटिमीटरमध्ये उतरवली की १०२, १०७, ११२, १२२, १३७ होतात. युरोपातले उत्पादक सरळ १००, ११०, १२०, १३०, १४० लिहितात. त्यामुळे शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन राइडवर १२० आणि १२२ दिसलं तर फार खोल अर्थ शोधू नका, एक कंपनी इंचात विचार करते आणि दुसरी सेंटिमीटरमध्ये.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. आकडा राइडच्या उंचीवरून किंवा तिच्या रागीट नावावरून ठरत नाही. तो ठरतो गाडी शरीराला कोणत्या दिशेनं किती जोरात ढकलते यावरून, आणि आसन व बार कसा आहे यावरून. अमेरिकेच्या एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेची राइडसाठीची समिती १९७८ पासून काम करते. तिच्या रचनेच्या मानकात बार-पट्ट्यांचे पाच वर्ग आहेत. पहिल्या वर्गात काहीच लागत नाही, म्हणजे संथ फिरणारी बाकडी वगैरे. पाचव्या वर्गात एक कुलूप निकामी झालं तरी दुसऱ्यानं धरून ठेवलं पाहिजे. राइड कोणत्या वर्गात पडते हे आधी तिच्या धक्क्यांच्या आकड्यांवरून ठरतं, मग उत्पादक आपलं आसन पाहून किमान उंची लिहितो. पार्क तो आकडा वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. म्हणजे कमी करायचाच तर उत्पादकाकडे परत जावं लागतं, बहुधा बारच बदलावा लागतो.

याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे डिस्नेची स्पेस माउंटन. अंधारातली, तारे दिसणारी, नाव तेच. फ्लोरिडातली १९७५ ची, तिथं किमान ४४ इंच. कॅलिफोर्नियातली १९७७ ची, तिथं ४०. फ्लोरिडात माणसं एकामागे एक बसतात, कॅलिफोर्नियात दोघं शेजारी-शेजारी. रूळ वेगळा, गाडी वेगळी, आसन वेगळं. नाव सोडलं तर त्या दोन वेगळ्याच राइड आहेत. तुमच्या बाबतीतही तेच झालंय. जी उंच दिसत होती ती कदाचित सावकाश वर नेऊन सावकाश खाली आणणारी असेल, आणि बुटकी दिसणारी टेकाडाटेकाडावर आसनातून उडवणारी.

काही देशांत वयही धरतात. जर्मनीतल्या युरोपा-पार्कमधल्या सिल्व्हर स्टार या कोस्टरला १४० सेंमी उंची तर लागतेच, वर ११ वर्षं पूर्ण लागतात. मला ही पद्धत जास्त पटते, कारण सांगतो पुढे. आणि काही ठिकाणी वरचीही मर्यादा असते. टोकियो डिस्नेसी पार्कमधल्या रेजिंग स्पिरिट्स या कोस्टरला किमान ११७ आणि कमाल १९५ सेंमी उंची लागते. लांबट माणसाचं डोकं किंवा वर केलेला हात बाहेरच्या खांबाला लागू नये, गुडघे पुढच्या आसनात अडकू नयेत, हा त्यामागचा हिशेब. लहानांच्या छोट्या गाड्यांमध्ये बाबांना बसू देत नाहीत ते याच कारणानं.

"मोठ्या माणसासोबत चालेल" या वाक्याबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत. बऱ्याच पालकांना वाटतं, मी शेजारी असलो की मी धरीन. गाडी जोरात वळते किंवा आपटते तेव्हा २० किलोचं मूल त्या क्षणापुरतं ४० किंवा ६० किलोचं होतं, हातानं धरणं शक्य नसतं. सोबतीचा अर्थ वेगळा आहे: मुलाला बसवणं, हात कुठं ठेवायचे ते सांगणं, मध्येच घाबरून उठू लागलं तर "बस खाली" म्हणणं. म्हणून सोबतीची सूट त्याच राइडवर मिळते जिथं आसन आणि धक्के त्या उंचीच्या मुलाला पेलतात आणि शंका फक्त त्याच्या वागण्याची असते.

पण दोघांना मिळून एकच बार असेल तर सावध राहा. बार थांबतो तो जाड मांडीवर. तुमच्या मांडीवर घट्ट बसला म्हणून मुलीच्या मांडीवर घट्ट बसला असं नाही. तिच्या बाजूला वितभर पोकळी असू शकते. उत्पादकानं हे धरलेलं असतं, तरी शक्य असेल तर तिच्यासोबत घरातल्या सर्वांत बारीक मोठ्या माणसाला बसवा. आणि गोल फिरणाऱ्या राइडवर मूल नेहमी आतल्या बाजूला, मोठं माणूस बाहेरच्या. फिरताना सगळे बाहेरच्या बाजूला ढकलले जातात, उलट बसलात तर तुम्ही तिच्यावर रेलाल.

आता मला खरी धास्ती कोणाची वाटते ते सांगतो. बुटक्या मुलांची नाही, त्यांना गेट अडवतं. धास्ती वाटते ती वयाच्या मानानं उंच मुलांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांत उंचीनं मधोमध येणाऱ्या मुलाची उंची पाचव्या वर्षी ११० सेंमीच्या आसपास असते, सातव्याला १२१, आठव्याला १२७. एखादं साडेचार वर्षांचं मूल ११५ भरतं, रेघेला डोकं लागतं, बाबा खूश. पण ते मूल साडेचार वर्षांचंच आहे. त्याची मान साडेचार वर्षांची, आणि "राइड थांबेपर्यंत हात सोडायचे नाहीत" हे वाक्य त्याच्या डोक्यात टिकतं तेवढाच वेळ. घाबरलं की ते सुटायला बघेल, कारण त्या वयात घाबरलं की आईकडे जायचं असतं. उंचीबरोबर वय धरणारी पद्धत मला पटते ती यासाठी.

रेघ पार करणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे, हे मोठ्यांच्या बाबतीतही घडलंय. २०११ साली न्यूयॉर्क राज्यातल्या डेरियन लेकमध्ये राइड ऑफ स्टील या कोस्टरवरून एक माजी सैनिक फेकला गेला आणि दगावला. किमान उंची ५४ इंच होती. त्याचे दोन्ही पाय युद्धात गेले होते, आणि त्या गाडीचा बार मांड्या आणि पायांच्या भरवशावर माणसाला धरतो. दोन्ही पाय लागतील असं नियमात होतंही, पण गेटवरच्या कोणी अडवलं नाही. त्या प्रसंगावर आम्ही ऑपरेटरांच्या वर्गात एक पूर्ण तास घालवतो.

दुसरं उदाहरण कॅन्सस सिटीतल्या व्हेररुक्ट या पाण्याच्या घसरगुंडीचं. ५१ मीटर उंच, २०१४ साली खुली झाली. तिथंही किमान उंची ५४ इंच होती. सुरुवातीला १४ वर्षांची वयाची अट ठेवली होती, ती नंतर काढली गेली. २०१६ साली दहा वर्षांचा मुलगा तराफ्यात सर्वांत पुढे बसला, मागे त्याच्याहून कितीतरी जड अशा दोन बायका. तिघांच्या एकूण वजनाची अट होती, पण ते कसं वाटलेलं असावं याकडे लक्ष नव्हतं. तराफा उडाला, मुलगा वरच्या कमानीवर आदळून दगावला. उंचीच्या रेघेनं तिथं काहीच सांगितलं नसतं, प्रश्न वजनाचा होता. पाण्याच्या राइडवर वजनाचे आकडे फलकावर असतात. लोक ते वाचतच नाहीत, कारण रांगेत उभं राहून आपलं वजन मोठ्यानं सांगायला कोणाला आवडत नाही.

घाबरवायला हे सांगत नाहीये. राइडवर अपघात विरळा असतात, मी स्वतः आजही माझ्या भाच्यांना घेऊन जातो. फक्त नेताना काय बघतो ते सांगतो.

मोजणी घरीच करून जा, पण नीट. अनवाणी, टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला, नजर सरळ समोर, हनुवटी वर नाही. डोक्यावर जाडसर पुस्तक भिंतीला काटकोनात धरा आणि खालच्या कडेशी खूण करा. शक्यतो संध्याकाळी मोजा. दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सगळ्यांची उंची सकाळपेक्षा सेंटिमीटरभर, कधी जास्तही, कमी होते. सकाळी घरी १२०.५ भरलेली मुलगी दुपारी तीनला गेटवर ११९.५ निघते आणि सगळा दोष मोजणाऱ्यावर येतो. (तरीही काठावरची असेल तर ती राइड सकाळी पहिली घ्या. एवढी चलाखी मला मान्य आहे, कारण तिच्या मांड्या सकाळी आणि दुपारी सारख्याच असतात आणि उत्पादकानं हा फरकही धरलेला असतो.)

काही पार्क बूट काढायला लावतात, काही साध्या बुटांसकट मोजतात. पण तळवा जाड दिसला की कोणताही शिकलेला ऑपरेटर ते काढायला सांगेलच. आणि जिथं प्रवेशद्वाराशी एकदा उंची मोजून हाताला रंगीत पट्टी बांधतात तिथं ती बांधून घ्या, म्हणजे पाऊण तास रांगेत उभं राहून शेवटी नकार ऐकायची वेळ येत नाही. रडण्याचं खरं कारण बहुतेकदा तो पाऊण तास असतो.

घरात एक छोटी परीक्षा घ्या. मोठ्या माणसाच्या खुर्चीत मुलीला पाठ पूर्ण टेकवून बसवा. गुडघे खुर्चीच्या कडेपाशी वाकतात का? पाच मिनिटं ती घसरून पुढे न येता तशीच बसू शकते का? समोर धरलेली काठी पाठ न हलवता दोन्ही हातांनी पकडू शकते का? यातल्या एकाचंही उत्तर नाही आलं तर फलकावरचा आकडा काहीही म्हणो, जोरदार राइडला मी थांबलो असतो.

नकार मिळाला तर ऑपरेटरशी वाद घालू नका. त्याला सूट द्यायचा अधिकारच नसतो, आणि त्याच्या मागे उभा असलेला सुपरवायझर बहुधा माझ्यासारख्यानं शिकवलेला असतो. त्यापेक्षा विचारा की आळीपाळीनं बसायची सोय आहे का. बऱ्याच मोठ्या पार्कांत असते: एक पालक मुलासोबत थांबतो, दुसरा राइड घेऊन येतो, मग पहिला पुन्हा रांग न लावता जातो. त्या वेळात मुलीला कठड्यापाशी उभं करून गाडीकडे बघायला सांगा. पुढच्या खेपेला तिला राइडची ओळख असते, आणि ओळख असलेलं मूल कमी घाबरतं.

तुमच्या मुलीच्या वयात मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तीनसाठी सहा महिने. त्यानंतर तिला बसवलंत की बार स्वतःच्या हातानं खाली ढकला, तिला तो एकदा वर उचलून बघायला सांगा आणि बार व मांडी यांच्या मध्ये तुमचा तळहात घालून बघा. आडवा सपाट हात गेला तर ठीक. उभा हात मावला तर ऑपरेटरला हाक मारा, आणि त्यानं नाही ऐकलं तर उतरवा.